मल्लप्पा मेला की जगला?

गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मल्लप्पा नावाचा एक योद्धा मेला, आणि त्याला मी मारले. मल्लप्पा कागदावरचा होता हे खरे. पण ज्याने तो कागद भरला होता तो माझा भाचा पुढचे दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आमरसाची वाटी तशीच ठेवून उठला आणि त्याने 'मावशी'ची एकदम 'दोड्डम्मा' करून टाकली. माझी धाकटी बहीण धारवाडला कानडी घरात दिलेली. तिचा हा मुलगा, यंदा नववीत गेला. सगळे ठीक असले की मी मावशी असते, रागावला की दोड्डम्मा. हा संकेत दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक आहे.

तो येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची एक पिशवी घेऊन आला होता. बेंगळूरच्या चुलतभावाने वापरून झालेले पुस्तक त्याला दिले होते. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांच्या घरी हा खेळ अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकजण गोष्ट सांगतो आणि पंचाचे कामही करतो, त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. 'समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, काय करता?' असे मास्टरने विचारायचे आणि पोरांनी आपापले उत्तर द्यायचे. जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस्स, एवढेच. उरलेली तीनशे पाने या 'बस्स'ची आहेत.

मास्टर कोण होणार यावर पहिल्याच दिवशी भांडण झाले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. "तू कॉलेजात शिकवतेस ना, मग वाच की," असे माझी लेक म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी आल्या. त्यांच्या घरी कानडी. आमच्या घरी मराठी. भाच्याला मराठी समजते सगळे, पण बोलायची वेळ आली की तो इंग्रजीत शिरतो. एरवी ही चार मुले एका खोलीत असली तरी चार मोबाइलमध्ये असतात. खेळ सुरू झाला आणि तासाभरात मी पाहिले की वेशीवरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालायला भाचा चक्क मराठी बोलतोय, कारण तो पहारेकरी मी होते आणि मी मराठीच बोलत होते. दुसऱ्या वेशीवर मी कानडी बोलणारी म्हातारी झाले, तेव्हा माझ्या लेकीची पंचाईत झाली. "अज्जी, ओळगे बिडरी," एवढे तिने कसेबसे जुळवले आणि सगळी हसली. मी शिकवते मराठी. पण वर्गात जे बोलणे काढून घ्यायला मला अख्खे सत्र लागते ते इथे आपणहून चालले होते. म्हणून मला तो खेळ मोडू द्यायचा नव्हता.

आणि नेमका मीच मोडला.

तिसऱ्या दिवशी गुहेत चकमक झाली. मल्लप्पाकडे तीन जीवनगुण उरले होते आणि त्याला पाच गुणांचा घाव बसला. तीनातून पाच गेले, म्हणजे शून्य. शून्यावर काय होते? मी पुस्तक उघडले. 'योद्धा' या प्रकरणात पाहिले, नाही. जीवनगुणांची व्याख्या सापडली, पण ते संपल्यावर काय ते तिथे नाही. मागची सूची मुंगीएवढ्या अक्षरांची, चष्मा स्वयंपाकघरात. पाच मिनिटे गेली, सात गेली. एकीने मोबाइल काढला, मग दुसरीने. गोष्ट निसटत चाललेली मला दिसत होती. शेवटी शिक्षिकेच्या सवयीने निकाल देऊन टाकला: "शून्य म्हणजे शून्य. संपला मल्लप्पा."

"सत्तु होद?" भाच्याने हळूच विचारले. मग कागदाची घडी घातली आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.

त्या रात्री चष्मा लावून मी ते पुस्तक पहिल्यापासून वाचले. २०१४ सालची ती आवृत्ती, ३२० पानांची. पहिला मोठा भाग पात्र कसे तयार करायचे याचा: वंश, वर्ग, पार्श्वभूमी, हत्यारे. खेळायचे कसे ते सातव्या प्रकरणापासून. आणि नवव्या, लढाईच्या प्रकरणात, घाव आणि उपचार यांच्या खाली सापडले: शून्यावर पात्र मरत नाही, बेशुद्ध पडते. मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशे आधी झाली तर जीव वाचला, तीन अपयशे आधी झाली तर गेला. नेमके वीस पडले तर गडी एका गुणानिशी उठून बसतो, आणि एक पडला तर दोन अपयशे एकदम. शेजारी कुणी उपचार करणारे असेल तर थोडासा उपचारही त्याला शुद्धीवर आणतो. वरच्या मजल्यावरची थोरली मल्लप्पाच्या शेजारीच होती, पुजारीण होऊन, उपचाराचा मंत्र हाताशी घेऊन! तिला मी बोलूच दिले नव्हते.

'बेशुद्ध' म्हणजे नेमके काय, ते मात्र त्या प्रकरणात नाही. त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात जावे लागते. तिथे कळते की बेशुद्धावर वार करणाऱ्याला दोन फासे टाकून चांगला तो घेता येतो आणि पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार मर्मी बसतो. अशा मर्मी वाराने एकाऐवजी दोन अपयशे होतात, हे कळायला परत नवव्या प्रकरणात यायचे. एका प्रश्नाचे उत्तर दोन टोकांना. चूक माझी होती, न वाचता पंच झाले होते. पण बोट एका पानात आणि अंगठा दुसऱ्या पानात घालून रात्री बारा वाजता बसल्यावर माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला: नियम लिहिणाऱ्याने ते कुठल्या क्रमाने लिहावेत?

हा प्रश्न त्या खेळाच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावी १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. लढाईसाठी गायगॅक्सच्याच 'चेनमेल' या आधीच्या युद्धखेळाचे नियम जवळ असतील असे त्यात धरून चालले होते, आणि रानावनातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरायला सांगितले होते. युद्धखेळ खेळणाऱ्या जुन्या मंडळींना ते उमगले. नव्या पोरांना ते पुस्तक म्हणजे कुणीतरी आपल्या मित्राला लिहिलेले पत्र वाटले असणार. अर्धे संदर्भ आपल्याला माहीतच नाहीत.

मग एक गंमत झाली. जे. एरिक होम्स नावाचे मेंदूविज्ञानाचे एक प्राध्यापक पुढे आले आणि नवशिक्यांसाठी हेच नियम नीट लावून देतो म्हणाले. त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले. पेशाने प्राध्यापक असल्यामुळे मला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली, हे कबूल करते. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी तेच काम आणखी सफाईने केले. चौसष्ट पानांत पात्र कसे करायचे ते पायरीपायरीने आणि खेळताना पोरे काय बोलतात याचा संवादासह नमुना. पानांना भोके पाडलेली होती, म्हणजे पुढचा भाग आला की पाने सुटी करून एकाच फाइलमध्ये विषयवार लावता यावीत. आणि त्या पुस्तकात शून्य म्हणजे खरोखरच मृत्यू होता! मल्लप्पाचा निकाल मी १९८१ च्या कायद्याने दिला होता. ते एक वाक्य कुणालाही सापडले असते. पुढे नियम दयाळू झाला, आणि दया आली की पोटकलमे येतात.

दरम्यान गायगॅक्सने १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत थोरल्यांसाठी तीन जाड पुस्तके काढली होती. त्यांतले खेळाडूंचे पुस्तक १९७८ सालचे. पण वार लागतो की नाही ते ठरवणारे तक्ते त्यात नव्हतेच, ते आले १९७९ च्या मास्टरच्या पुस्तकात. हा विसरभोळेपणा नव्हता. काही गोष्टी पंचानेच राखाव्यात असे त्याचे मत होते. त्याच्या पुस्तकांत माणूस बोलत बोलत भरकटतो, मध्येच रत्नांचे गुणधर्म सांगतो, मध्येच शब्दांचा कीस काढतो. वाचायला मजा येते. शोधायला नाही.

शब्दांचीही एक अडचण आहे आणि ती अजून सुटलेली नाही. इंग्रजीतला 'लेव्हल' हा एकच शब्द पात्राच्या पातळीला, मंत्राच्या पातळीला आणि तळघराच्या मजल्यालाही वापरला गेला. गायगॅक्सला स्वतःलाच १९७८ च्या पुस्तकात त्याचा खुलासा करावा लागला. आजही तिसऱ्या पातळीचा मंत्र तिसऱ्या पातळीच्या मांत्रिकाला येत नाही. त्याला पाचव्या पातळीपर्यंत थांबावे लागते. माझ्या लेकीने हे ऐकून "हे कोण लिहितं?" असे विचारले, आणि एका वाक्यात समीक्षा संपवली.

मला मात्र आमचा पाणिनी आठवत होता. एमएला मराठी घेतले तरी संस्कृतचा एक पेपर होता, त्याची ही शिदोरी. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे. प्रत्येक इतके आखूड की त्याचे अर्धे शब्द मागच्या सूत्रांतून वाहत येतात. याला अनुवृत्ती म्हणतात. मागचे माहीत नसेल तर पुढचे कळत नाही. दोन नियमांत झगडा झाला तर कुठला मानायचा याचेही नियम त्यातच, आणि सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो हा उत्सर्ग-अपवादाचा विचार तर व्याकरणकारांच्या बोटांवर. (२०१४ च्या त्या पुस्तकातही प्रस्तावनेतच हाच दंडक सांगितला आहे. मी दोनदा वाचून खात्री केली.) काटकसरीच्या दृष्टीने पाणिनीची रचना अचाट आहे. पण ती ज्याला सगळे तोंडपाठ आहे त्याच्यासाठी. त्याला पान शोधायचेच नसते, पुस्तक त्याच्या डोक्यात असते.

ज्याला पाठ नाही त्याने काय करायचे? सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत तीच सूत्रे विषयवार लावली. संधीची सूत्रे संधीच्या ठिकाणी, नामाची रूपे चालवायला लागणारी त्या ठिकाणी. सूत्र आपल्या मूळ शेजाऱ्यांपासून तुटले, म्हणून मागून वाहत येणारे शब्द वृत्तीत पुन्हा लिहावे लागले. पुस्तक फुगले, पण शब्द सिद्ध करायला बसलेल्या विद्यार्थ्याला हवे ते हवे तिथे मिळाले. त्यांचे शिष्य वरदराज यांनी त्याचेही लघुरूप केले, आणि आजही बहुतेक विद्यार्थी त्या धाकट्या दारानेच आत जातात. कानडी वाचकांना केशिराजाचा 'शब्दमणिदर्पण' आठवेल. तेराव्या शतकातले ते कानडीचे व्याकरण. सूत्र कंद छंदात, म्हणजे पाठ करायला सोपे. त्याखाली त्याचीच गद्य वृत्ती, म्हणजे समजायला सोपी. आणि मग जुन्या कवींच्या प्रयोगांची उदाहरणे, म्हणजे पटायला सोपी. नियम, खुलासा, उदाहरण, तिन्ही एकाच जागी. फाशांच्या खेळाचे नियम लिहिणाऱ्याने धारवाडला येऊन हे पुस्तक पाहून जावे असे मला फार वाटते.

कारण शिकण्याचा क्रम वेगळा आणि शोधण्याचा वेगळा, हे खेळांच्या पुस्तकांनाही ठेचा खाऊनच कळले. १९८३ साली फ्रँक मेन्टझर यांनी नवशिक्यांसाठी जे पुस्तक केले ते सुरूच होते गोष्टीने. तुम्ही एक योद्धा आहात, गुहेत जाता, अलीना नावाची एक पुजारीण भेटते, ती तुम्हाला लढाईतले आणि उपचारातले बारकावे सांगते, आणि पुढे एक दुष्ट मांत्रिक तिला मारून टाकतो. एकट्या मुलाला घरी बसून खेळ शिकवणारे याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही. कैक माणसांना अलीना पन्नाशीतही आठवते. पण तेच पुस्तक घेऊन पाच जणांत खेळायला बसा आणि एखादा नियम शोधा, तो गोष्टीच्या पोटात दडलेला असतो.

उलट टोकाचाही अनुभव आहे. १९८९ साली राक्षसांचे पुस्तक सुट्या पानांच्या फाइलमध्ये काढायची टूम निघाली. नवी पाने आली की वर्णानुक्रमे आत लावायची. कल्पना झकास. पण कागदाच्या एका बाजूला एक राक्षस छापला आणि पाठीवर दुसरा. नवा राक्षस या दोघांच्या मध्ये बसणारा निघाला की तो लावायचा कुठे? कागद तर उभा चिरता येत नाही. १९९३ मध्ये पुन्हा बांधीव पुस्तक आले. आमच्या आईची पाककृतींची वही अशीच आहे, अनारशांच्या पाठीवर लिंबाचे लोणचे, आणि तिथेही कुणाला काही हलवता येत नाही.

अलीकडच्यांपैकी मला गॅव्हिन नॉर्मन यांचे २०१९ मधले 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' आवडले. नियम मोल्डव्हेच्या काळातले, १९८१ चेच. फक्त मांडणी नवी. पुस्तक उघडे ठेवले की समोरासमोरच्या दोन पानांत शक्यतो एक विषय पुरा. वाक्ये आखूड, महत्त्वाचा शब्द ठळक. पान उलटावे लागत नाही. पुरणपोळी लाटताना हात पिठाचे असतात, तेव्हा 'पुरण पृष्ठ ४२ प्रमाणे करावे' असे वाचले की कसा संताप येतो ते आपल्याला माहीत आहे. खेळातही हात फाशांनी भरलेले असतात. मात्र त्या पुस्तकावरून नव्या मुलाला खेळ शिकवा म्हटले तर ते जरा कोरडे पडते. केशिराजाची उदाहरणे तिथे कमी आहेत.

भाच्याकडे होते त्या खेळाची खेळाडूंची नवी आवृत्ती २०२४ साली निघाली आहे, ३८४ पानांची. तिच्यात 'खेळायचे कसे' हे पहिलेच प्रकरण झाले आहे आणि शेवटी अकारविल्हे नियमकोश दिला आहे. म्हणजे पुढच्या दाराने शिका, मागच्या दाराने शोधा. पन्नास वर्षे लागली, पण आले.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकाला जमलेली नाही आणि ती जमेल असे मला वाटतही नाही. सूची लिहिणारा त्याच्या शब्दांनी लिहितो, शोधणारा आपल्या शब्दांनी शोधतो. मी त्या रात्री 'मरण' शोधत होते. आमच्या मुलांनी कधी 'मर्मी वार' शोधला नसता. ती शोधतात 'वीस पडले तर काय'. विटी-दांडूचे 'वकट, लेंड, मूंड, नाल' मोजताना आम्हाला कधी पुस्तक लागले नाही, आणि मूंड-नालच्या आत कानडी मूरु-नाल्कु लपले आहेत हेही फार पुढे लक्षात आले. गल्लीने शब्द केले होते, म्हणून ते गल्लीला सापडत होते.

भाचा धारवाडला परत गेल्यावर मी त्याला फोन केला. "मल्लप्पा मेला नव्हता, मी नियम चुकले," असे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "पान नंबर?" मी दोन्ही ठिकाणचे सांगितले. "दोन कशाला?" त्याने विचारले, आणि मला बरे वाटले.

जूनमध्ये, पावसाने लाइट गेलेल्या एका संध्याकाळी, लेक आणि वरच्या दोघी बसल्या आणि आम्ही एक पान तयार केले. पाठपोट एकच कागद. नियम उतरवायचा, पण प्रश्न आमचा. वर मोठ्या अक्षरात 'वार लागला का?', त्याखाली 'शून्य झाले तर?', त्याखाली 'पळून जायचे असेल तर?' बेशुद्धीचे सगळे एकाच चौकटीत, मर्मी वारासकट. पुस्तकात दोन जागी असेना का. प्रत्येक चौकटीत मल्लप्पाचे एक उदाहरण. मृत्यूच्या फाशाला काय म्हणायचे यावर अडलो. इंग्रजी शब्द तोंडात बसेना. धाकटी म्हणाली, "क्रिकेटमध्ये कॅच सुटला की म्हणतात ना, जीवदान." तिची थोरली बहीण म्हणाली, "कानडीतपण जीवदानच." तो शब्द ठरला. मराठी एका बाजूला, कानडी दुसऱ्या बाजूला असे लिहायचे म्हणून मी कागदावर रेघ मारली होती. निम्म्या ठिकाणी दोन्हीकडे तोच शब्द आला आणि लेकीने रेघच खोडली.

त्यानंतरच्या एका शनिवारी बहीण कुंदा न्यायला म्हणून आली, म्हणजे मुलाला घेऊन आली. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मल्लप्पा अजून गुहेत, शून्यावर, पाठीवर पडलेला होता. सगळ्यांनी एकमताने ठरवले की चूक पंचाची, तेव्हा गोष्ट तिथूनच पुढे.

"मंत्र टाकू?" थोरलीने विचारले.

"ब्याड," तो म्हणाला. त्याला फासा टाकायचा होता.

पहिला पडला सात. अपयश. दुसरा चौदा. तिसरा चार, आणि माझी बहीण, जिला या खेळातले काही कळत नाही, ती दारातून आत येऊन उभी राहिली. चौथा अकरा. पाचवा टाकण्याआधी त्याने फासा बराच वेळ मुठीत हलवला. सोळा.

"वाचला. पण शुद्धीवर कधी येणार, मावशी?"

मी पानाकडे पाहिले. चौकटीतली शेवटची ओळ: उपचार न मिळाल्यास चार बाजूंचा फासा टाका, तितक्या तासांनी एका गुणानिशी जागा होतो. लेकीने चार बाजूंचा फासा आधीच त्याच्यापुढे सरकवला होता.